नेचे तिसऱ्या वर्षी

९ मार्च २०१५

ती. आत्यास नमस्कार.

मी कोण ते आधी सांगते, कारण अक्षरावरून तुम्ही ओळखणार नाही. मी तुमच्या दादांची मुलगी. शेवटचं भेटलो तेव्हा बारा वर्षांची होते, आता तेवीस आहे. शिवणकाम करते, म्हणजे लोकांचे कपडे सैल करून देते आणि घट्ट करून देते. बहुतेक सैलच.

तुमचा पत्ता रोपवाटिकेच्या एका जुन्या माहितीपत्रकावर सापडला. ते बाबांच्या हत्यारांच्या पेटीत तळाशी होतं. तिथे का होतं ते मी त्यांना विचारलं नाही. हे पत्र लिहितेय तेही त्यांना माहीत नाही.

बाबांनी लिफ्टचं काम सोडलं. तीस वर्षं लिफ्टच्या विहिरीतली धूळ आणि ग्रीस छातीत गेलं, आता फुफ्फुसं कुरकुरतात. ते म्हणतात, "जन्मभर लोकांना वरखाली केलं आणि आता मला दोन पायऱ्या चढवत नाहीत." दिवसभर स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसतात. समोर मागचं अंगण आहे. दोन्ही बाजूंना उंच भिंती आणि मध्ये शेजाऱ्यांच्या झाडाची सावली. ऊन कसलं ते त्या जागेला ठाऊक नाही. मी दोनदा टोमॅटो लावून पाहिले, उंच वाढले आणि आडवे झाले. त्या काळ्या मातीकडे बघत बसलेला माणूस मला बघवत नाही. तिथे काही उगवेल का? एवढंच विचारायचं होतं.

तुमची भाची

*

२० मार्च २०१५

खारूताई,

"तुम्ही"? मी काय बँकेची मॅनेजर आहे? लहानपणी माझ्या पाठीवर बसून मला टाचा मारायचीस. मुकाट्याने "तू" म्हण, नाहीतर पुढचं पत्र परत पाठवीन.

तुझं पत्र मी दुपारी काचघरात वाचलं. मग मालकाला सांगितलं, डोळ्यात खत गेलं.

सोबत खोकं आहे. आत नेच्याचे नऊ गड्डे, ओल्या कागदात गुंडाळलेले. हे खायचे नेचे आहेत. सगळे नेचे खायचे नसतात, म्हणून बाहेरून कुठलाही आणून यांच्यात लावू नकोस. वसंतात मातीतून कोंब येतात, बाळाच्या मुठीसारखे मिटलेले. आम्ही घरी त्यांना मुठीच म्हणायचो. लहानपणी दादा आणि मी ओढ्याकाठी जाऊन खुडायचो. भरपूर पाण्यात पंधरा मिनिटं उकडायच्या, पाणी फेकायचं, मग मीठ आणि लिंबू. मूठ उघडली, पान पसरलं की खाणं संपलं.

आता नीट वाच. हातभर अंतरावर लाव, गड्ड्याचं डोकं मातीच्या जरा वर राहू दे. मधल्या जागेत रानलसूण लाव, तीही खोक्यात आहे. ती सगळ्यांच्या आधी उगवते आणि नेचे मोठे होऊन सावली धरेपर्यंत आपलं आटोपून जमिनीत जाते. कुणाच्या पायात पाय नाही. खाली पसरायला व्हायोलेट, ती माती ओली धरते. पालापाचोळा झाडून टाकू नकोस.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: तिसऱ्या वर्षापर्यंत एकही मूठ खुडायची नाही. आधी खुडलीस तर गड्डा खंगतो. तिसऱ्या वर्षीही अर्ध्याच घ्यायच्या, अर्ध्या झाडाला ठेवायच्या. यात मी कुणाचं ऐकत नाही.

फोन करू नकोस. फोनवर मी रडते आणि मुद्द्याचं राहून जातं. पत्रात रडलं तरी अक्षर वाचता येतं.

खोकं कुणाचं ते त्याला सांगू नकोस. तो जेवतो का नीट?

तुझी आत्या

*

१४ एप्रिल २०१५

प्रिय आत्या,

"तू" म्हणतेय, पण हाताला सवय नाही. सांभाळून घे.

नऊही गड्डे लावले. बाबा खिडकीतून सूचना देत होते. आयुष्यात एक कुंडी लावली नाही, पण "डावीकडे घे, लेव्हल गेली" असं चाललं होतं. जणू मी लिफ्ट बसवतेय.

पण तुझं गुपित दोन तासही टिकलं नाही. मी सुतळी कापायला कात्री घेतली तर म्हणाले, "थांब, ती ओढली की सुटते." आणि त्यांनीच ओढली. गाठ सुटली. अशी गाठ घरात एकच जण मारायचं, असं म्हणाले आणि पुढे दोन दिवस तोंडात मिठाची गुळणी.

तिसऱ्या दिवशी चहा पिताना, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मुठी खुडायला झाल्या की बोलाव तिला. तिच्या हाताने खुडू दे."

आत्या, मी शेगडी बंद करायला विसरले. अकरा वर्षांत त्यांनी तुझं नाव काढलं नव्हतं. आई घर सोडून गेली तेव्हा तू तिला तीन महिने ठेवून घेतलंस आणि त्यांना कळवलं नाहीस, एवढंच मला माहीत होतं, तेही दाराआडून ऐकलेलं. आणि आता हे. मी उलट काही बोलले नाही. तीन वर्षं लागतात वगैरे काढलं असतं तर त्यांनी शब्द फिरवला असता. आणि तुम्ही लहानपणी खुडायचात, म्हणजे त्यांना माहीत असणारच.

तर आता तुझं बोलावणं पक्कं.

खारूताई

*

२५ एप्रिल २०१५

खारे,

पत्र चार वेळा वाचलं. मालक म्हणाला, खत फार जातंय हल्ली डोळ्यात.

म्हणजे दादाने तीन वर्षं सांगितली आहेत. असू दे. तो असाच. लहानपणी माझ्या हातून त्याचा पतंग फाटला तर म्हणाला, "रविवारपर्यंत बोलणार नाही," आणि रविवारी सकाळी उठल्या उठल्या बोलला. शिक्षा ठरवतो पण मोजून देतो. अकरा काढली, तीन काय मोठी! मी भिंतीवर रेघा मारत नाही एवढंच.

वहिनीबद्दल तू ऐकलंस ते खरं आहे. ती माझ्या दारात उभी राहिली तेव्हा तिच्याकडे एक पिशवी होती. मी विचारलं, दादाला सांगू? ती म्हणाली, सांगितलंत तर मी इथूनही जाईन. मी तिला आत घेतलं. आजही घेईन. पण त्याला एक ओळ लिहायला हवी होती, ती सुखरूप आहे म्हणून. तो तीन महिने इस्पितळं आणि पोलीस ठाणी पालथी घालत होता आणि मी इथे रोपांना पाणी घालत होते. ते मला माफ करावं असं मी म्हणत नाही. फक्त त्याच्यासमोर बसून एकदा सांगायचंय.

तोवर त्या गड्ड्यांना जप. माझी सगळी भिस्त त्यांच्यावर आहे. कुणी कितीही सांगितलं तरी खुडू नकोस.

आत्या

*

३० ऑक्टोबर २०१५

प्रिय आत्या,

नेचे कमरेएवढे झाले होते. खिडकीतून नुसतं हिरवंगार. मागच्या आठवड्यात सगळे तपकिरी होऊन बसले. बाबा केवढे घाबरले! "मेले ना? मेलेच. तू पाणी नीट घातलं नाहीस." मी सांगितलं, थंडीत झोपतात, वाळलेली पानं तशीच पांघरूण म्हणून ठेवायची असतात. तरी त्यांनी मला बाहेर पाठवून गड्डा दाबून बघायला लावला. टणक आहे म्हटल्यावर जेवले.

ते ठीक आहेत. घरात एक ऑक्सिजनचं मशीन आणलंय भाड्याने. घरघर करतं. बाबा म्हणतात, बेअरिंग गेलंय त्याचं, मी उघडून बघतो. मी स्क्रूड्रायव्हर लपवून ठेवलाय.

बाकी सगळं ठीक.

खारूताई

*

१२ नोव्हेंबर २०१५

खारूताई,

एका पत्रात दोनदा "ठीक" लिहिलंस. मला काळजी वाटते.

मशीन कितपत लागतं? दिवसभर की फक्त झोपताना? खरं सांग. मी आत्ता येऊ का? बोलावल्याशिवाय येणार नाही. एकदा त्याला न विचारता एक गोष्ट केली, ती पुरली जन्माला. पण तू त्याला विचार. सरळ विचार, आडून नको: आत्याने मुठी खुडण्याआधी आलेलं चालेल का?

व्हायोलेटची आणखी सहा रोपं पाठवतेय. कडेला लाव.

आत्या

*

११ एप्रिल २०१६

प्रिय आत्या,

तुझ्या नोव्हेंबरच्या पत्राला आज उत्तर देतेय. रागावू नकोस. हिवाळा जरा जड गेला.

तू सांगितलंस तसं विचारलं होतं मी, तेव्हाच. म्हणाले, "म्हटलं ना एकदा, मुठी खुडायला झाल्या की." वर मला बजावलं, दुखण्याचं काही लिहायचं नाही, कीव म्हणून आलेली नकोय मला. म्हणून लिहिलं नाही. जानेवारीत बारा दिवस इस्पितळात होते. मशीन आता चोवीस तास असतं. हे मी त्यांच्या परवानगीशिवाय लिहितेय.

चांगलं असं की नेचे आले! आधी रानलसूण, तू म्हणालीस तश्शी, मग परवा मुठी. नऊच्या नऊ गड्डे जगले. मोजल्या तर बेचाळीस मुठी. दोन आठवडे बाबा रोज सकाळी विचारत होते, "झाल्या का?" खुर्ची खिडकीच्या आणखी जवळ ओढून घेतली होती. दाढी केली. मला म्हणाले, तो निळा शर्ट कमरेत सैल झालाय, आत घे. मी विचारलं, कुठे जायचंय? तर म्हणाले, "जायचं नाही, कुणी यायचं असलं तर."

काल पुन्हा विचारलं, झाल्या का. मी म्हटलं, बाबा, यंदा नाही खुडायच्या, आत्याने तिसऱ्या वर्षी सांगितलंय.

ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "तिनेच सांगितलंय?"

मी म्हटलं, हो, पहिल्याच पत्रात.

"बरं," म्हणाले. आणि खुर्ची भिंतीकडे फिरवून घ्यायला सांगितली. उजेड डोळ्यावर येतो म्हणून. आत्या, त्या अंगणात उजेड कुठून येणार? थकले असतील. पुढच्या वर्षीपर्यंत त्यांना धीर धरवत नाही, एवढंच मला वाटतं.

खारूताई

*

१५ एप्रिल २०१६

खारे, अगं त्याला माहीतच नव्हतं!

ओढ्याकाठचे नेचे आमच्या जन्माच्या आधीचे होते. जायचं आणि खुडायचं. वाट कधी बघावीच लागली नाही. तीन वर्षांचं मला इथे नोकरीला लागल्यावर कळलं, त्याला कोण सांगणार? त्याने मला या वर्षी बोलावलं होतं. लावले, उगवले, बहीण आली, असं साधं. आणि मी मूर्खासारखी त्याने शिक्षा दिली समजून हौसेने भोगत बसले. आता त्याला वाटतंय की मीच तीन वर्षं लांब राहायचं ठरवलं. त्याच्यापाशी तीन वर्षं नाहीत हे त्याला ठाऊक आहे, मला नव्हतं.

आत्ताच्या आत्ता त्याच्याकडे जा. हे पत्र वाचून दाखव. सांग, आत्या गाढव आहे. मग बाहेर जा आणि खुड. अर्ध्या नकोत, सगळ्या खुड. गड्डे मेले तर मरू देत, मी शंभर आणून देते. पंधरा मिनिटं उकड आणि त्याला खायला घाल. माझ्यासाठी थांबू नका.

उद्या दुपारची गाडी आहे, रविवारी सकाळी पोचते. फोनवर मला हे बोलवणार नाही, म्हणून हे पत्र; माझ्या आधी पोचावं यासाठी मालकाचा माणूस आत्ता टपालात टाकायला जातोय.

आत्या

*

२ मे २०१६

प्रिय आत्या,

तुझं पत्र मंगळवारी आलं, तू परत जायला निघालीस त्या सकाळी. तू आत बॅग भरत होतीस. मी दारातच वाचलं आणि शिवणाच्या मशीनच्या खणात ठेवून दिलं. तेव्हा तुला काही बोलले नाही.

शनिवारी दुपारी बाबा गेले तेव्हा मी रोपवाटिकेला फोन केला. तुझे मालक म्हणाले, ती तासाभरापूर्वीच गाडीत बसली, खुशीत होती, डब्यात लिंबू घेतलंय म्हणाली. त्यानंतर रविवार सकाळपर्यंत मला एकच गोष्ट सुचत नव्हती, की दार उघडून तुला सांगायचं कसं. आणि तू दारात उभी राहिलीस आणि माझ्या तोंडाकडे बघून पिशवी खाली ठेवलीस. सांगावं लागलंच नाही.

तीन दिवस आपण दोघी भेटायला येणाऱ्यांना चहा देत राहिलो. तू सगळ्यांशी बोललीस. मी तुला एक गोष्ट सांगायची टाळली, ती आज सांगते. नाहीतर मला झोप लागायची नाही.

गुरुवारी सकाळी त्यांनी मला हाक मारली. म्हणाले, "दोनच दे उकडून. बेचाळीस आहेत ना? दोन मुठींनी काय होतंय?" आणि मी नाही म्हटलं, आत्या. मी म्हटलं, गड्डा खंगतो, आत्या रागावेल. ते हसले. म्हणाले, "ती रागावलेलीच आहे."

मी त्यांना दोन मुठी दिल्या नाहीत. अंगण पंधरा पावलांवर आहे. तुझं पत्र पाच दिवस आधी आलं असतं तर, असं मी म्हणते, पण मला पत्र कशाला हवं होतं? बाप मागतोय म्हणजे द्यायचं, एवढी अक्कल मला नव्हती. मला फक्त वाफा जपायचा होता, तू येशील म्हणून.

आणखी एक. तू गेल्यावर दोन दिवसांनी मी अंगणात गेले. एकही मूठ नव्हती. नऊही गड्डे साफ बोडके, देठ नखाने खुडलेले. रानलसणीला धक्का नाही, व्हायोलेट तशीच फुललेली. तूच ना? मी रागावून विचारत नाही. फक्त कळावं म्हणून विचारते.

तुझी खारूताई

*

१० मे २०१६

खारूताई,

हो, मीच.

सोमवारी तू ऑक्सिजनचं मशीन परत करायला गेलीस. त्या लोकांनी कागदपत्रांसाठी तुला चार तास बसवलं. घरात मी एकटी होते. त्याच्या खुर्चीत बसले तर समोर भिंत. खुर्ची कुणी तशी फिरवली आणि का, ते तुझ्या पत्रात वाचलेलं होतं. मी खुर्ची पुन्हा खिडकीकडे केली. बाहेर मुठी उभ्या होत्या, दोन दिवसांत उघडणार होत्या. मग मी गेले आणि खुडत सुटले. एकतीस वर्षं हे काम करतेय, एका गड्ड्याच्या सगळ्या मुठी कधी घेतल्या नाहीत. त्या दिवशी नऊच्या नऊ बोडके केले. तुझ्या मोठ्या पातेल्यात उकडल्या, पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. मीठ आणि लिंबू. दोन ताटल्या वाढल्या, एक माझी, एक त्याची.

त्याच्या ताटलीशी मी सगळं बोलले. वहिनीचं, तीन महिन्यांचं, त्याला न लिहिलेल्या ओळीचं. मग माझी ताटली संपवली आणि त्याचीही संपवली, कारण टाकणार कुठे? तू आलीस तेव्हा भांडी घासून झाली होती. तू म्हणालीस, आत्या, काही खाल्लंस का? मी म्हटलं, हो.

गुरुवारचं ऐकलं. पत्र खाली ठेवून बाहेर गेले, पुन्हा आत येऊन लिहितेय. पोरी, तू नाही म्हणालीस कारण मी तुला दोनदा बजावलं होतं. कुणी कितीही सांगितलं तरी, असं माझ्याच हाताने लिहिलं होतं. त्या नाहीमध्ये तुझं काही नाही. रडायचं असेल तर बाप गेला म्हणून रड. या दोन मुठींसाठी नको, त्या माझ्या माथी आहेत. मला त्यांची आता सवय करून घ्यायची आहे.

गड्डे पुन्हा फुटतील का, मला खरंच सांगता येत नाही. पाणी घाल.

काल रोपवाटिकेत एक बाई आल्या. खायचे नेचे हवेत, घरामागे सावली आहे, सोबत काय लावू, सगळं विचारून झालं. मग म्हणाल्या, "आणि खायला कधी मिळतील?" हे मी हजार जणांना सांगितलं असेल. तोंड उघडलं तर आकडा बाहेर येईना. मी विचारलं, कुणासाठी? म्हणाल्या, सासूबाईंना आवडतात, त्या अंथरुणाला खिळून आहेत. मी मागच्या वाफ्यात गेले. तिथे आमचा सगळ्यात जुना गड्डा आहे, त्याच्यापासून बाकीचे निघतात, तो विकायचा नाही अशी मालकाची ताकीद आहे. कुदळ घेतली, मुठींसकट उपटला आणि त्यांच्या हातात दिला. म्हटलं, आज घरी जाऊन खुडा. सगळ्या खुडा.

मालक तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. न बोलू दे.

तू शनिवारी इकडे ये. पुढच्या नाही, या शनिवारी. कपडे लोक घालतील घट्ट. मी गाडीला उभी असेन.

तुझी आत्या